पोर्टेबल अँटेनाचं अर्थिंग: बेळगाव सीमाभागातल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिग (रेडिओ संच), बॅटरी आणि वायरचं भेंडोळं पाठीवर टाकून येळ्ळूरच्या गडावर, निपाणीच्या माळावर किंवा खानापूरच्या एखाद्या काजूच्या बागेत जाऊन बसणाऱ्यांसाठी हे पान आहे. आकडे 40 ते 10 मीटर बँडसाठीचे, म्हणजे साधारण एवढ्या लांबीच्या लहरींसाठीचे आहेत. व्हीएचएफच्या (याहून आखूड लहरींच्या) हँडसेटवाल्यांना यातलं फारसं काही लागणार नाही.

दोन फुटांची सळी जमिनीत ठोकली की अर्थिंग झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वॉट मातीत जातात ते यामुळेच. आपल्याकडे 'अर्थिंग' म्हटलं की वायरमनने ठोकलेला पाइप डोळ्यांपुढे येतो. तो असतो शॉक लागू नये आणि फ्यूज उडावा म्हणून, 50 हर्ट्झसाठी. दुसरं अर्थिंग विजेसाठी, म्हणजे आकाशातल्या. रेडिओ लहरींसाठी लागतं ते तिसरंच. त्याचा उद्देश करंट मातीत सोडणं हा नसतोच. करंटला मातीत न शिरता परत येता यावं म्हणून ते करायचं असतं.

पाव लहरीची (लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी) उभी तार ही अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग जमिनीने पुरवायचा. उभ्या तारेतून जेवढा करंट वर जातो तेवढाच फीडपॉइंटच्या, म्हणजे केबल अँटेनाला जोडतात त्या जागेच्या, दुसऱ्या टोकाला गोळा होऊन यावा लागतो, आणि तो येतो आजूबाजूच्या पाव ते अर्ध्या लहरीच्या परिघातून. 40 मीटरवर हा परिघ दहा ते वीस मीटरचा. एवढ्या पसाऱ्यातला करंट मधल्या एका सळीपर्यंत यायचा तर वाटेतली सगळी माती तुडवत यायला लागतो. माती हा रेझिस्टर आहे. तिथे उष्णता होते आणि तुमच्या दहा वॉटांतले बरेचसे गांडुळांना ऊब द्यायला खर्ची पडतात.

सळी ठोकायची तर ती अँटेनाची काठी उभी राहावी म्हणून ठोका. अर्थिंग म्हणून तारा अंथरा, बुडापासून चहूकडे पसरणाऱ्या. त्यांनाच रेडियल म्हणतात.

मीठ-कोळशाचा खड्डा केला तर? किंवा सळीच्या बुडाशी दोन घागरी पाणी ओतलं तर?

घराच्या मीटरसाठी मीठ-कोळसा ठीक आहे. रेडिओसाठी फरक नगण्य. हातभर खड्ड्यातली माती तुम्ही सुधारलीत, पण करंट येतोय पंधरा मीटरवरून. पाणी प्यायला ठेवा, गडावर लागतं.

रेडियल किती आणि केवढे टाकायचे?

आधी इतिहासातली एक गोष्ट. 1937 मध्ये ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन या तिघांनी जमिनीत तारा पुरून, त्यांची संख्या आणि लांबी बदलत पद्धतशीर मोजमापं घेतली आणि छापली. ते 113 तारांपर्यंत गेले. तेव्हापासून मध्यम लहरींच्या प्रक्षेपण मनोऱ्याखाली 120 तारा पुरण्याचा पायंडा पडला. हा आकडा कुठेतरी वाचून नवीन माणूस हबकतो आणि मग एकही तार टाकत नाही. आपल्याला 120 नकोत. शून्यावरून चारवर आलात की मोठी उडी, चारवरून आठवर आलात की बरी उडी, आठावरून सोळावर छोटी. सोळाच्या पुढे पोर्टेबलसाठी कष्टाच्या मानाने हाती फार लागत नाही.

लांबीबद्दल: तार जमिनीवर पडली की मातीमुळे तिचा सूर बिघडतो, त्यामुळे ती पाव लहरीला तंतोतंत कापण्यात अर्थ नाही. एक मीटर कमी झाली तर काही बिघडत नाही. उलट तारा मोजक्याच असताना त्या पूर्ण पाव लहरीच्या ठेवल्या तर काही जमिनींवर नुकसान वाढतं. मातीवर पडलेली दहा मीटर तार विजेच्या भाषेत दहापेक्षा बरीच लांब होऊन बसते आणि करंटचा जोर बुंध्यापासून दूर सरकतो. म्हणून सूत्र असं: वायर जेवढी आहे तेवढीच असेल तर थोड्या लांब तारांपेक्षा जास्त आखूड तारा करा.

व्यवहारात हे सोपं आहे. गणपत गल्ली, खडे बाजार भागात इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात घरगुती वायरचं 90 मीटरचं बंडल मिळतं. सगळ्यात बारीक फ्लेक्सिबल घ्या. त्याचे पाच-पाच मीटरचे 18 तुकडे होतात. 20 मीटर बँडला हे पाव लहर झाले, 40 मीटरला एक अष्टमांश. दोन्हीकडे चालतात. रंग पिवळा किंवा लाल घ्या. हिरव्या रंगाची वायर गवतात गेली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सापडत नाही.

तीन-तीन तारांची बुडं एकत्र पिळून त्यांना एक लग क्रिंप करा. असे सहा लग एका बोल्टवर वॉशर घालून आवळले की काम झालं. अठरा सुट्या तारा एकेक करून जोडत बसलात तर उन्हात जीव जातो आणि गुंता होतो तो वेगळाच. तारा चारी बाजूंना सारख्या पसराव्यात असं पुस्तक सांगतं, पण एका बाजूला दरी असेल तर उरलेल्या तिन्ही बाजूंना टाका. जग बुडत नाही.

आमचा एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाची जुळणी दाखवणारं गुणोत्तर) एकास एक येतो. म्हणजे अर्थिंग उत्तम झालं?

इथे जरा थांबून वाचा. या पानावरचा हा एकच प्रश्न नीट कळला तरी बाकीचं आपोआप कळेल.

आदर्श जमिनीवर उभ्या केलेल्या पाव लहरीच्या तारेचा रेझिस्टन्स साधारण 36 ओहम असतो. केबल आहे 50 ओहमची. म्हणजे अर्थिंग खरोखर उत्तम असेल तर एसडब्ल्यूआर 1.4 च्या आसपास दिसायला हवा. मग तो 1.0 कसा आला? 36 मध्ये वरचे 14 ओहम कुठून तरी मिसळले म्हणून. ते 14 आले मातीतून. मीटर खूश, तुम्ही खूश, आणि शंभरातले 28 वॉट जमिनीत.

एवढ्यावर भागलं तर ठीकच म्हणायचं. 72 टक्के म्हणजे दीड डेसिबलच्या आतलं नुकसान, समोरच्याच्या कानाला कळणारही नाही. मातीचे 36 ओहम झाले तरी अर्धी शक्ती जाते, 3 डेसिबल, म्हणजे एस-मीटरवर (रिगवर सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) अर्धं घर. तेही चालवून घेता येतं. पण माणूस नेमका उलट्या दिशेने जातो: रेडियल वाढवल्यावर एसडब्ल्यूआर 1.1 वरून 1.4 झाला की 'बिघडलं' म्हणून तारा काढून टाकतो. बिघडलं नाही हो, सुधारलं.

तेव्हा एसडब्ल्यूआर मीटर बाजूला ठेवा आणि नॅनोव्हीएनए किंवा कुठलाही अँटेना ॲनालायझर लावा. अँटेना जिथे रेझोनंट, म्हणजे सुरात, आहे त्या फ्रिक्वेन्सीवर नुसता रेझिस्टन्स किती ते बघा. समजा चार तारांवर 62 ओहम दिसला. आणखी चार टाका, 52. आणखी चार, 47. आणखी चार, 45. आकडा उतरतोय तोवर तारा कामाला येतायत, उतरायचा थांबला की तुम्हीही थांबा. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या मातीवर वेगळे येतील, उतरण्याची चाल मात्र अशीच असेल. प्रत्येक वेळी रेझोनन्स थोडा सरकतो, तो पुन्हा शोधूनच आकडा वाचायचा.

ॲनालायझर नसेल तर दुसरा उपाय: दोन-तीन किलोमीटरवरच्या मित्राला एस-मीटर बघायला सांगा, तुम्ही तारा जोडा-काढा. वेळ लागतो, पण चहा पाजला की मित्र करतात.

बाजारात मिळणारी आठ फुटी व्हिप (उभी दांडी अँटेना) आणि कॉइल वापरतो. चार तारा पुरतील ना?

40 मीटरवर नाही पुरणार. अँटेना जेवढी बुटकी तेवढं अर्थिंग जास्त लागतं, आणि लोक करतात बरोबर उलटं. बुटक्या अँटेनाबरोबर बुटकं अर्थिंग.

अडीच मीटरच्या व्हिपचा 7 मेगाहर्ट्झवरचा रेडिएशन रेझिस्टन्स दीड ते तीन ओहम असतो. कॉइल बुडाशी असेल तर दीडच्या जवळ, मध्यावर असेल तर तीनच्या. आता अशा व्हिपवर कुठलाही मॅचिंगचा प्रकार न लावता एसडब्ल्यूआर एकास एक आला, तर हिशेब करा: 50 पैकी 3 ओहम हवेत, 47 ओहम कॉइलमध्ये आणि मातीत. दहा वॉट सोडलेत, हवेत गेला अर्धा-पाऊण वॉट. तरी कोलंबोचं उत्तर येतं, कारण रेडिओ लहरी दयाळू असतात, आणि मग आपण ती व्हिप फार भारी आहे असं सगळ्यांना सांगत सुटतो.

त्याच व्हिपखाली सोळा तारा टाकल्या आणि कॉइल जाड तारेची, मोठ्या व्यासाची केली तर फरक ऐकू येतो. 20 मीटरपासून वर व्हिप तितकी बुटकी राहत नाही, तिथे आठ तारांत भागतं.

आपल्याकडची माती यासाठी बरी की वाईट?

जिल्ह्यात दोन्ही टोकं आहेत. निपाणी, चिकोडी, अथणी, सौंदत्तीकडची काळी माती ओली असताना फार चांगली. चिकण, पाणी धरून ठेवणारी, क्षार असलेली. बेळगाव शहराच्या आसपासची तांबडी मधली. आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा जांभा म्हणजे रेडिओसाठी गरीब जमीन. पाऊस धो धो पडतो, पण पाणी भोकाभोकांतून निघून जातं आणि क्षारही धुऊन नेतं.

पुस्तकी आकडे हवे असतील तर गरीब जमिनीची वाहकता 1 ते 2 मिलीसिमेन्स प्रति मीटर, मध्यम 5, उत्तम 30, आणि समुद्राचं पाणी 5000. शेवटचा आकडा चुकून छापलेला नाही.

यातून काढायचा निष्कर्ष असा की जमीन जेवढी गरीब तेवढ्या तारा जास्त. काळ्या रानात ऑक्टोबरमध्ये आठ तारांवर जे मिळतं त्यासाठी जांबोटीला सोळा अंथरा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, वरचा थर कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा तिच्यावरही फार विसंबू नका.

एक गोष्ट मात्र रेडियलच्या हातात नाही. क्षितिजाला लागून जाणारी लहर अँटेनापासून कित्येक लहरी दूरच्या जमिनीवरून परावर्तित होते. तिथली जमीन वाईट असेल तर खालच्या कोनाचं रेडिएशन दबतं, आणि तुम्ही बुडाशी शंभर तारा टाकल्यात तरी ते सुधारत नाही. त्यावर उतारा एकच, जागा बदलणं. गडाच्या कड्यावरून पुढचा उतार खाली जातो त्याचा फायदा इथेच होतो.

राजहंसगडासारख्या (तोच येळ्ळूरचा गड) ठिकाणी खाली नुसता कातळ. खुंटी ठोकायलाच जागा नाही. तिथे काय?

तारा उचला. कातळावर जमिनीवरच्या रेडियलपेक्षा अधांतरी रेडियल कधीही बरे, आणि ते थोडेच लागतात. फीडपॉइंट मीटरभर किंवा कंबरेएवढ्या उंचीवर घ्या आणि तिथून दोन ते चार तारा जमिनीला समांतर बाहेर ताणा. दोन असतील तर समोरासमोरच्या दिशांना. टोकं करवंदाच्या जाळीला, दगडाला, ट्रायपॉडला, कशालाही नायलॉनच्या दोरीने बांधा.

इथे नियम बदलतात, तेवढे लक्षात ठेवा. जमिनीवर लांबी ढिली चालते, अधांतरी तार मात्र नेमकी कापायला लागते, कारण ती आता खरोखर अँटेनाचा अर्धा भाग झाली. 71 ला मेगाहर्ट्झने भागा: 7.1 ला दहा मीटर, 14.2 ला पाच, 21.2 ला साधारण 3.35, 28.5 ला अडीच. सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एकच तार सगळा करंट ओढते. केबलला चोक (कवचावरून वाहणारा करंट अडवणारे वेढे) लावायलाच हवा, तो नसेल तर केबलचं जाळीदार कवच हा पाचवा रेडियल होऊन बसतो. तारा थोड्या खाली उतरत्या ठेवल्या तर फीडपॉइंटचा रेझिस्टन्स 36 वरून 50 कडे चढतो. हा चढ मात्र प्रामाणिक, यात मातीचा हात नाही.

अधांतरी तारेच्या टोकाला शंभर वॉटवर शेकडो व्होल्ट असतात. बोट लागलं तर पांढरा, खोल, हळू बरा होणारा चटका बसतो. टोकं इन्सुलेटेड ठेवा आणि गडावर आलेली पोरंटोरं तिथून पळत जाणार हे गृहीत धरून लाल फडकी बांधा.

आणि जांभ्यावर दगड ठेवून तारा दाबल्या असतील तर गुंडाळताना दगडाखाली हात घालू नका. फुरसं तिथेच बसतं. काठीने किंवा पायातल्या बुटाने दगड उलटवा, मग तार उचला.

किल्ल्याच्या तटाच्या सांध्यांत खुंट्या ठोकू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

तार कुठली? बांधकामाची बाइंडिंग वायर स्वस्त पडते, ती चालेल?

चालेल, पण शेवटचा पर्याय म्हणून. लोखंडात उच्च फ्रिक्वेन्सीचा करंट अगदी पातळ कातडीतून वाहतो, तांब्याच्या मानाने नुकसान बरंच जास्त. सोळा-वीस तारांत करंट वाटला गेला की ते फारसं जाणवत नाही, उभ्या तारेसाठी मात्र लोखंड वापरू नका. शिवाय बाइंडिंग वायर एकदा मुडपली की सरळ होत नाही आणि कुणाच्या तरी पायात घुसते. भंगारवाल्याकडे जुनी लॅन केबल मिळते, तिच्यात आठ बारीक तांब्याच्या तारा असतात. सोलत बसायची तयारी असेल तर रेडियलसाठी त्याहून स्वस्त तांबं नाही. वरचं प्लॅस्टिक काढायची गरज नाही, जमिनीशी जुळणी इन्सुलेशनमधूनही होते.

कोंबडीची जाळी, पत्र्याची शेड, कार, बोअरची केसिंग, काटेरी कुंपण... यांतलं काय वापरता येतं?

कोंबडीची जाळी छान. आपल्या भागात पोल्ट्री बक्कळ, जाळीचे तुकडे मागितले तर मिळतात. मीटरभर रुंद आणि तीन-चार मीटर लांब अशा दोन पट्ट्या व्हिपखाली अधिक चिन्हासारख्या अंथरल्या की 20 मीटरपासून वर काम होतं. जाळी मातीशी कपॅसिटरसारखी जोडली जाते, तिला ठोकायला लागत नाही. 40 मीटरला तिच्या कडांना चार-पाच लांब तारा जोडा. खिडकीच्या डासांच्या ॲल्युमिनिअम जाळीचंही हेच, फक्त नायलॉनची नाही ना ते चुंबकाने नव्हे, मल्टिमीटरने तपासा. ॲल्युमिनिअमला चुंबक लागत नाही.

पत्र्याची शेड, विशेषतः गुऱ्हाळाची किंवा तंबाखूच्या वखारीची मोठी, मिळाली तर सोडू नका. मधोमध अँटेना, एक क्लँप पत्र्याला, संपलं. पण रंगवलेले, गंजलेले, एकमेकांवर नुसते टेकवलेले पत्रे असतील तर सांध्यांत करंट अडखळतो, कधी गंजाचा सांधा डायोडसारखा वागून चित्रविचित्र आवाज काढतो. क्लँपच्या जागी रंग खरवडा, मालकाला विचारून.

कार ठीक आहे. मॅग्नेटचं बूड रंगातून टपाशी जुळतं आणि टप खालच्या जमिनीशी. 20 मीटरच्या वर पुरेसं, 40 वर चार तारा गाडीखालून बाहेर काढा. ट्रॅक्टर-ट्रॉलीवरही जमतं, मात्र टायर रबरी आहेत म्हणून ती 'अर्थ'पासून तुटलेली आहे असं समजू नका. रेडिओला टायरची पर्वा नसते.

बोअरची केसिंग लोखंडी असेल तर ती फार तर एक बरी सळी. शेकडो फूट खोल आहे याचा उपयोग नाही, उच्च फ्रिक्वेन्सी काही मीटरपलीकडे खाली उतरत नाही. वर तिला पंपाचं अर्थिंग बांधलेलं असतं, स्टार्टरचा सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. नको.

काटेरी कुंपण दगडी खांबांवरचं आणि नुसतं असेल तर तात्पुरतं जोडून बघायला हरकत नाही, मात्र गंजक्या गाठींमुळे भरवसा नाही. झटका मशीनचं कुंपण असेल तर हात लावू नका. खानापूर भागात गवे आणि रानडुकरं आवरायला ते जागोजागी असतं. ओळखायचं कसं? रिसीव्हर लावा, साधारण दर सेकंदाला एक 'टक्' असा आवाज येत असेल तर जवळपास झटका चालू आहे. अशा ठिकाणाहून जरा लांब बसलेलंच बरं.

रेल्वेचे रूळ, हेस्कॉमच्या खांबाचं अर्थिंग, नळपाणी योजनेची लाइन: नाही, नाही, नाही.

एंड-फेड (टोकाशी केबल जोडलेल्या) अँटेनाला अर्थिंग लागत नाही म्हणतात. खरं का?

अर्धसत्य. अर्ध्या लहरीची तार टोकाला पोसली की तिथे इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात असतो. म्हणून तर 49:1 चा ट्रान्सफॉर्मर लागतो. एवढ्या इम्पिडन्सला करंट कमी, आणि करंट कमी म्हणजे मातीतलं नुकसानही कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही. परतीचा करंट कुठून तरी येणारच. तुम्ही वाट दिली नाहीत तर तो केबलच्या कवचावरून येईल, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच चाललेलं असतं. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टर्मिनलला लहरीच्या वीसाव्या हिश्शाएवढी तार, 40 मीटरसाठी दोन मीटर, जोडा आणि चोक त्यानंतर केबलवर लावा. दगड-धोंड्यांत, दाट झाडीत, रेडियल पसरायला जागा नाही अशा वेळी मी स्वतः हीच अँटेना नेतो.

9:1 ट्रान्सफॉर्मरवाली 'रँडम' तार वेगळी. तिला काउंटरपॉइज, म्हणजे परतीच्या करंटसाठी वेगळी तार, हवाच, निदान पाच मीटर. आणि ती रँडम नसतेच मुळी, बँडच्या अर्ध्या लहरीची पट टाळून कापलेली असते.

बोलताना माइकचा ओठाला चटका बसतो, कीअर (मोर्सचे ठिपके-रेघा पाठवणारं यंत्र) अडकतो, लॅपटॉप बंद पडतो. अर्थिंग कमी पडतंय?

हो आणि नाही. परतीचा करंट केबलवरून तुमच्या मांडीपर्यंत आलाय. अँटेनाच्या बुडाशी तारा कमी असल्या की हे होतं, पण त्यावर रिगला वेगळी सळी जोडणं हा उपाय नाही. बुडाशी तारा वाढवा आणि केबलवर चोक लावा: मोठ्या फेराइट रिंगमधून केबलचे दहा-बारा वेढे. एचएफसाठी (आपल्या 40 ते 10 मीटर बँडांसाठी) मिक्स 31 किंवा 43 या प्रकारचं फेराइट मागायचं, रंग बघून उचललेल्या अनोळखी रिंगचा भरवसा नसतो. रिंग नसेल तर चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर केबलचे दहा वेढे शेजारी-शेजारी घाला. हा चोक सगळ्या बँडांवर सारखा चालत नाही, पण नसल्यापेक्षा कितीतरी बरा.

टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीतून खालच्या अर्थिंगला वायर सोडू का?

तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर दहा मीटर होते. 40 मीटर बँडला ती नेमकी पाव लहर. पाव लहरीची तार एका टोकाला जमिनीला जोडली की दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्या रिगपाशी, जवळजवळ उघड्या सर्किटसारखी वागते. अर्थिंग असून नसल्यासारखं. प्लगच्या तिसऱ्या पिनेचंही तेच, वर सगळ्या इमारतीच्या एलईडीचा खरखराट मोफत.

बाल्कनीच्या रेलिंगला किंवा फरशीच्या कडेने पाव लहरीच्या दोन तारा फिरवा. वाकडी-तिकडी चालते, कोपऱ्यात वळवली तरी चालते. गच्ची मिळत असेल तर प्रश्नच मिटला, स्लॅबवर पसरलेल्या तारा आतल्या सळयांशीही थोड्याफार जुळतात.

राकसकोपच्या किंवा हिडकलच्या पाण्याकाठी गेलं तर अँटेना जोरात चालते?

धरणाचं गोडं पाणी समुद्रासारखं नाही. त्याची वाहकता साध्या मातीएवढी किंवा त्याहून कमी. पाण्यात तार सोडून विशेष हाती लागत नाही. काठावरची ओली, गाळाची जमीन बरी असते आणि समोर मोकळं असतं, तेवढाच फायदा. खाऱ्या पाण्याची गंमत बघायची तर चोर्ला घाट उतरून गोव्याला किंवा सरळ कारवारला जा. भरतीच्या रेषेवर व्हर्टिकल उभी करा, दोन तारा ओल्या वाळूत टाका. 20 मीटरवर संध्याकाळी युरोप ऐकल्यावर घरी यावंसं वाटत नाही.

पुराच्या वेळी संपर्कासाठी काय अर्थिंग करावं?

काहीच नाही. डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या तारांची अँटेना) टांगा.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठाने काय पाहिलं ते इकडे कुणाला सांगायला नको. अशा वेळी बोलायचं असतं कोल्हापूर, पुणे, धारवाड, फार तर बेंगळुरूशी. शंभर ते पाचशे किलोमीटर. त्यासाठी लहर सरळ डोक्यावर जाऊन परत खाली यायला हवी, आणि व्हर्टिकल डोक्यावर काहीच पाठवत नाही. तिच्याखाली कितीही सुंदर अर्थिंग करा, ती दिल्लीशी बोलेल आणि संकेश्वरला ऐकू जाणार नाही. 40 मीटरचा डायपोल चार ते सात मीटरवर, दिवसा. मधे एक वेळूची काठी, दोन्ही टोकं खाली बांधलेली, झालं. डायपोलचे दोन्ही अर्धे भाग त्याच्याजवळच असतात, त्याला जमिनीकडे मागायला लागत नाही.

खरं तर पूर नसतानाही, दोन झाडं असतील तर आधी डायपोलचाच विचार करावा असं माझं मत आहे. अर्थिंगची ही सगळी उठाठेव झाडं नसलेल्या माळासाठी आणि लांबच्या देशांसाठी.

रेडियल टाकले म्हणजे वीज पडली तरी भीती नाही ना?

भीती आहे. गवतावर पसरलेल्या बारीक तारा विजेचं काहीही करू शकत नाहीत. एप्रिल-मेमधला वळीव दुपारनंतर अर्ध्या तासात अंगावर येतो. मेघगर्जना कानाला ऐकू आली याचा अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. केबल काढा, काठी आडवी करा, गडावरून खाली उतरा किंवा गाडीत बसा. कॉन्टॅक्ट अर्धवट राहिला तर राहू दे.

आणि तार झाडावर फेकताना वरून 11 केव्हीची लाइन जात नाही ना हे पहिल्यांदा बघा, रेडिओ पिशवीतून काढायच्याही आधी.

सीमेपलीकडे चंदगडला किंवा गडहिंग्लजला जाऊन स्टेशन लावलं तर कर्नाटकातला परवाना चालतो का?

परवाना केंद्र सरकारचा असतो, राज्याचा नाही. कॉलसाइनवरून तुम्ही कुठल्या राज्यातले हेही कळत नाही. सीमाप्रश्नावर आयनोस्फिअरने (लहरी खाली परतवणाऱ्या वातावरणाच्या थराने) अजून मत दिलेलं नाही. परवान्यावर नोंदवलेल्या पत्त्याबाहेरून स्टेशन चालवण्याच्या अटी मात्र आपापल्या परवान्यात नीट वाचून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

त्याहून महत्त्वाची स्थानिक परवानगी. बेळगाव हे लष्कराचं गाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, कॅम्प, सांबऱ्याचा विमानतळ, या परिसरात काठी आणि वायर घेऊन फिरू नका, उगाच कुणाचा तरी दिवस खराब होईल. भीमगड अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय नाही.

शेतात असाल तर मालकाला आधी सांगा. "मामा, तासभर वायर अंथरतो, पिकाला लागत नाही," एवढं पुरतं. चिकोडीच्या पलीकडे तोच प्रश्न "एन माडाकत्तीरी?" असा येतो, उत्तर त्याच भाषेत दिलंत तर ताकही मिळतं. म्हशी परतायच्या वाटेवर रेडियल टाकू नका. म्हैस तारेला अडखळत नाही, तार ओढून घेऊन जाते, तिच्यामागून काठी, काठीमागून केबल आणि केबलमागून रिग.

बँड बदलला की रेडियलही बदलायचे का?

जमिनीवरचे असतील तर नाही. अधांतरी असतील तर हो, किंवा प्रत्येक बँडच्या दोन-दोन तारा आधीच जोडून ठेवा.

रेडियलचा गुंता होऊ नये म्हणून काही?

प्रत्येक तीन तारांचा जुडगा वेगळा, आठाच्या आकारात हाताच्या अंगठा-करंगळीवर गुंडाळायचा आणि लगच्या बाजूचं टोक सगळ्यात शेवटी वर ठेवायचं. पतंगाच्या मांजाला करतात तसंच. गोल गुंडाळलेली तार सोडताना पीळ खाते, आठाची खात नाही. प्रत्येक जुडग्याला रबरबँड, सगळे मिळून एका जुन्या चपलांच्या पिशवीत.

माती लागलेली असेल तर घरी येऊन पुसा, लग कोरडे करा. पावसाळ्यात तसेच ठेवलेत तर दिवाळीपर्यंत त्यांच्यावर हिरवा थर चढतो, आणि मग जोडणीतच दोन-तीन ओहम वाढतात.